आमच्याकडे बाळंतीण आहे

सर्व विभागांना, सर्व मजल्यांना, कॅन्टीनला आणि गेटवरच्या सुरक्षारक्षकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, प्राणीगृहाच्या प्रमुख आज सकाळपासून स्टुलावर बसलेल्या आहेत.

अशी सूचना फळ्यावर कुणी लावली नव्हती. पण चहाच्या सुट्टीपर्यंत ही बातमी मुलुंडच्या डोंगराला टेकलेल्या आमच्या त्या संशोधन संस्थेत घराघरात पोचावी तशी टेबलाटेबलावर पोचली. लोक हातातली कामं टाकून तळमजल्यावर येत, कोपऱ्यावरून डोकावत आणि पाय न वाजवता परत जात. हिशेब विभागातल्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "डॉक्टरला बोलवायचं का?"

हसू नका. तुम्ही त्यांना पाहिलं असतंत तर तुम्हीही डॉक्टरच बोलावला असता. या बाई बसत नसत. कधीच नाही. त्यांच्या ऑफिसात खुर्ची होती, पण तिच्यावर मक्याच्या भुशाची पोती रचलेली असायची. उंदरांच्या पिंजऱ्यात अंथरायचा तो भुसा. दुपारी डबा उघडून एका हातात धरत आणि प्राणीगृहाबाहेरच्या लांब बोळातून चालत चालत जेवत. वरण एका टोकाला, ताक दुसऱ्या टोकाला. मीटिंगमध्ये भिंतीशी उभ्या राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत. कुणी खुर्ची पुढे केली तर म्हणत, "नको. माणूस बसला की काम बसतं." आणि खुर्ची पुढे करणाऱ्याकडे अशा बघत, की तोच उठून उभा राहायचा.

सगळे त्यांना पाठीमागे सासूबाई म्हणायचे. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, पण लग्नं त्यांनी जमवली होती ती तुमच्या माझ्या सात पिढ्यांना पुरून उरतील. कुठला नर कुठल्या मादीजवळ ठेवायचा, कधी ठेवायचा, कधी वेगळं करायचं, कोण कोणाचं चुलत आणि कोण सख्खं, हे सगळं त्या बघत. शिक्षणाने पशुवैद्य. वडील गिरणीत होते, मूळ घर कुडाळकडचं. पदवी घेतली तेव्हा आपण गाईम्हशींचे डॉक्टर होणार असं त्यांना वाटत होतं, आणि नशिबी आले बोटाएवढे उंदीर. "ह्यांच्यापेक्षा म्हैस बरी," त्या म्हणायच्या. "निदान लाथ मारली तर कळतं तरी, काहीतरी चुकलं."

मी खरेदी विभागात होतो. उंदरांचं खाणं, भुसा, हातमोजे, टोप्या, सगळं मागवणं माझ्याकडे. म्हणून त्या मला 'खरेदी' म्हणत. "काय रे खरेदी, पोती कुठायत?" हिशेबवाल्यांना 'हिशेब' आणि संचालकांना 'वरचा मजला'. नावं लक्षात ठेवायला वेळ नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्या कोठारातला विनोद असा, की आतल्या उंदरांसाठी आलेलं महागडं खाणं बाहेरचे उंदीर पोती कुरतडून खायचे. मी पिंजरा लावला की सासूबाई येऊन बघून जायच्या. पकडलेल्या उंदराकडे वाकून एकदा म्हणाल्या, "तुझं नशीबच खोटं. चार पावलं आत जन्मला असतास, तर एसीत असतास."

त्यांचं लाडकं वाक्य होतं, "उंदराला कळतं." प्राणीगृहाच्या दारात त्या आत जाणाऱ्या प्रत्येकाला हुंगत. खरोखरीच हुंगत. गजरा असेल तर बाहेर, अत्तर असेल तर आंघोळ. मुंबईचं मराठी बोलत, पण पारा चढला की सरळ मालवणीत उतरत. भडक अत्तर मारून आलेल्या एका शास्त्रज्ञांना त्यांनी दारातच विचारलं होतं, "मेल्या, खंय चललस? वरातीत?" आणि अत्तराचं एक सोडा, एका पोराला त्यांनी नुसतं तोंड बघून परत पाठवलं. "बायकोशी भांडून आलायस. तुझे हात आज कडक असतील. उंदराला कळतं. जा, फोन करून मिटव आणि मग ये." त्याने जिन्याखाली उभं राहून फोन केला. मिटवायला अर्धा तास लागला. नंतर तो मला म्हणाला, "यार, लग्नानंतर पहिल्यांदा मी सॉरी म्हटलं, ते उंदरांसाठी."

पिल्लं दूध सुटण्याएवढी झाली की ओळखीसाठी त्यांच्या कानाला बारीक छेद देतात. कामकाजाच्या भाषेत त्याला काहीही म्हणत असोत, सासूबाई म्हणायच्या, "आज कान टोचायचेत." आणि कान टोचले की पेढे. आत खाणं न्यायला सक्त मनाई, म्हणून हा समारंभ गेटजवळच्या बदामाच्या झाडाखाली व्हायचा. सासूबाई पेढ्यांचा पुडा घेऊन उभ्या, आम्ही रांगेत. पेढा हातावर ठेवून पुढच्याकडे वळायच्या. स्वतःचा पेढा चालता चालता तोंडात टाकायच्या.

आता त्या हिरव्यांबद्दल सांगितलं पाहिजे.

आमच्याकडे उंदरांची एक वेगळी वंशावळ होती. समुद्रातल्या एका जेलीफिशच्या अंगात निळ्या प्रकाशात हिरवं चमकणारं एक प्रथिन असतं. ते बनवण्याचा निरोप, म्हणजे जनुक, कुणा शास्त्रज्ञांनी परदेशात उंदराच्या बीजांडात घातला, आणि त्यातून जो वंश चालला, त्यातली एक जोडी आमच्याकडे आली होती. दिवसा बघाल तर साधा उंदीर. निळा दिवा धरा, पिवळा चष्मा लावा, की त्याचे कान, नाक, पंजे आणि शेपटी हिरवीगार पेटलेली. केस असतात तिथे झाकलं जातं, म्हणून नुकतं जन्मलेलं, बिनकेसाचं पिल्लू असेल तर अख्खंच्या अख्खं हिरवं. कामाची गोष्ट अशी, की हिरव्या उंदराच्या पेशी साध्या, जखमी उंदराला दिल्या की त्या कुठवर जातात ते दिसतं. सासूबाई ते एका वाक्यात सांगायच्या, "पाहुणा हिरवा शर्ट घालून आला की गर्दीत सापडतो."

वरच्या मजल्यावरचं तुटलेल्या नसा जोडण्याचं सगळं काम या हिरव्यांवर चाललं होतं. पण सासूबाईंचा जीव अडकला होता तो त्याहून साध्या कारणाने. ती पहिली जोडी पेटीतून आली तेव्हा त्यांनीच उतरवून घेतली होती. पुढची प्रत्येक पिढी त्यांच्या डोळ्यांसमोर जन्मली होती.

आणि मग रस्त्यावर मेट्रोचं काम आलं. खांबांसाठी जमीन फोडायला लागले. आमच्या खिडक्या थरथरायच्या, चहाच्या कपात लाटा यायच्या. आम्ही दोन शिव्या देऊन कामाला लागायचो. उंदरांना शिव्या देता येत नाहीत. उंदरीण घाबरली, तिला जागा सुरक्षित वाटली नाही, तर ती आपली पिल्लं खाऊन टाकते. एकामागून एक बाळंतपणं तशी गेली. सासूबाईंनी पिंजरे आतल्या खोलीत हलवले, खाली रबर घातलं, कापसाची घरटी वाढवली. रबर मीच आणून दिलं होतं, चांगलं जाड. काही उपयोग झाला नाही. शेवटी हिरव्यांमध्ये एक म्हातारा नर तेवढा राहिला. त्याला त्या 'बापूस' म्हणत, म्हणजे बाप. त्याच्या जोडीला साधी, बिनहिरवी मादी. तिची दोन बाळंतपणं फुकट गेलेली.

तेवढ्यात वरच्या मजल्याने जाहीर केलं, की नवीन इमारत तयार होत आली आहे आणि तिथे फक्त चालू असलेले वंश हलवले जातील. ज्यांना पिल्लं नाहीत ते बंद. परदेशातून पुन्हा मागवता आले असते, पण परदेशी मालाची फाईल कशी चालते ते मला विचारा. तोवर सासूबाई निवृत्त होऊन कुडाळला आंबे मोजत बसल्या असत्या. म्हणजे, उभ्या असत्या.

बापूस म्हातारा होत चालला होता आणि ती मादी तिसऱ्यांदा पोटुशी होती. एवढंच उरलं होतं. सासूबाई त्या दिवसांत बोळात इतक्या फेऱ्या मारायच्या, की सफाईवाल्या मावशी म्हणाल्या, "मॅडम, लादी झिजेल." मेट्रोवाल्यांचं आमच्या बाजूचं फोडकाम नेमकं त्या आठवड्यात संपलं. आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला, आणि त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडे बेंजो सुरू झाला.

संस्थेच्या मागच्या भिंतीला लागून चाळ होती आणि चाळीत हळद होती. मुंबईच्या उपनगरातली हळद तुम्हाला माहीत आहे. लग्न शांततेत होतं, हळद नाही. स्पीकरची चळत नेमकी आमच्या भिंतीला टेकवून ठेवलेली, आणि त्या भिंतीच्या आतल्या बाजूला ती खोली.

"खरेदी, चल," सासूबाई म्हणाल्या, आणि मी 'कुठे' म्हणेपर्यंत गेटबाहेर होत्या.

गल्लीत मांडव. नवरामुलगा पाटावर, अंगभर पिवळा. ढोलकीवाला, बेंजोवाला आणि काळा चष्मा लावून नाचणारा नवऱ्याचा मामा. सासूबाई पांढऱ्या कोटात त्यांच्यामधून सरळ आत गेल्या आणि मामासमोर उभ्या राहिल्या.

"आवाज बंद करा."

"मॅडम, दहापर्यंत परमिशन आहे ना," मामा नाचता नाचता म्हणाला.

"असेल. आमच्याकडे बाळंतीण आहे."

मी बुटांकडे बघायला लागलो. मामाचे पाय थांबले. मांडवाच्या कडेला खुर्चीत नवऱ्याची आजी बसली होती, नऊवारीतली, हातभर हिरव्या बांगड्या. तिने हात वर केला तसा बेंजोही थांबला.

"खंय आसा बाळंतीण?" आजीने विचारलं.

"ह्या भिंतीपलीकडे. आजउद्याकडे होईल." आजीची बोली ऐकून सासूबाईंचा आवाज उतरला. "दोनदा पोरां ऱ्हवली नाय हो तिची. आवाजाक भियाता."

सासूबाई यात एक अक्षर खोटं बोलल्या नाहीत. बाळंतीण कोण, हे कुणी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

"बंद करा रे ता," आजी म्हणाली.

"आये, हळद आहे ती, भजन नाही," मामा म्हणाला.

"मगे भजन म्हण."

पुढचं दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. स्पीकर हातगाडीवर चढले. बेंजो पार्टी पुढे निघाली. आणि नवरामुलाला, हळद अर्धी लागलेली असताना उठवायचं नाही म्हणून, चौघा मित्रांनी पाटासकट उचललं आणि गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला, नाल्यापाशी नेलं. तो पिवळा देह खांद्यांवरून डुलत जात होता आणि ओरडत होता, "अरे हळू, पडेन ना मी." आजी मात्र जागची हलली नाही. तिने चार बायका भिंतीशी बसवल्या, आणि त्या हलक्या आवाजात हळदीची गाणी म्हणत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राणीगृहातली गीता बाहेर आली आणि कुजबुजली, "मॅडम, झालीयत. घरट्यात हलताहेत."

आता नियम असा, की नुकत्याच व्यालेल्या उंदरिणीच्या पिंजऱ्याला हात लावायचा नाही. आत जायचं नाही, दार वाजवायचं नाही, जवळ चालायचंसुद्धा नाही. फेऱ्या मारायच्या नाहीत. सासूबाईंनी स्वतःच केलेला नियम. त्या दारासमोर एक क्षण उभ्या राहिल्या, मग कोठारातून माझं स्टूल मागवलं, आणि बसल्या. दोन्ही हात गुडघ्यांवर, गुडघे घट्ट मिटलेले, पायाचा अंगठा तेवढा चपलेत हलत होता. मी जवळ गेलो तर म्हणाल्या, "काही बोलू नको. मला सवय नाही."

सुरुवातीची ती गंभीर सूचना त्या सकाळची.

इथे मी जरा लबाडी करणार आहे. निरोपाचं आणि मरणाचं आधीच उरकून घेतो, कारण मला शेवट दुसरीकडे करायचा आहे. पुढे सासूबाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात संचालकांनी त्यांना मधल्या खुर्चीत बसण्याची विनंती केली, तर त्या खुर्चीच्या मागे पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या, फोटोत कुणा अदृश्य नवऱ्यामागे राहावं तशा. भाषण केलं नाही. शाल घेतली, नारळ सुरक्षारक्षकाला दिला. टेबल आवरताना त्यांनी पिशवीत घातलेल्या वस्तूंमध्ये लोकरीचं एक पिवळं टोपडं होतं. ते कुणाचं, ते कळेलच. कुडाळहून त्यांचा फोन यायचा, नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम, "खरेदी, भुसा आता कोणाकडून घेतोस?" मागच्या वर्षी त्या गेल्या. भाच्याने सांगितलं, अंगणात फेऱ्या मारताना. मला बरं वाटलं, असं म्हणणं बरोबर नाही, पण त्यांना खाटेवर झोपलेलं मला कल्पनेतही आणता आलं नसतं.

त्यांनी मला मागे एक वाक्य ठेवलं. मी आता बोरिवलीला राहतो. खाली चौकात डीजे फार झाला, की मी शर्ट घालून खाली उतरतो आणि पोरांना चेहरा पाडून सांगतो, "आमच्याकडे बाळंतीण आहे रे." आवाज उतरतो. हल्ली एक पोरगा विचारतो, "काका, परत?" पण उतरवतो.

तर, स्टूल. सासूबाई दोन दिवस बसल्या. तिसऱ्या दिवशी दिवा धरून बघायचं ठरलं होतं, हिरवं कोणी आहे की नाही ते. बापूस हिरवा, आई साधी. पिल्लांमध्ये काही बापासारखी निघतात, काही आईसारखी, आणि कधी नशीब फिरलं तर सगळीच आईसारखी. तसं झालं असतं तर पिल्लं जगून वंश गेला असता. त्या सकाळी सासूबाई स्टुलावरून उठल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. आणि गेटवरून फोन आला.

"मॅडम, बाळंतिणीला बघायला माणसं आलीत."

गेटवर ती आजी. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, पिशवीतून डोकावणाऱ्या शेपूच्या जुड्या, आणि वर घडी घालून ठेवलेलं पिवळं टोपडं. "घराक कार्य होता म्हणान दोन दिस येवक मिळाला नाय," ती म्हणाली. "झिल की चेडू?"

मुलगा की मुलगी? मी काहीतरी थाप मारायच्या तयारीत होतो. खरेदी विभागात ती कला लागते. पण सासूबाई पुढे झाल्या आणि सरळ म्हणाल्या, "आजी, बाळंतीण म्हणजे उंदरीण आहे."

सुरक्षारक्षकाने तोंड फिरवलं. आजीने पिशवी खाली ठेवली.

"माझ्या नातवाची हळद नाल्यार नेली," ती सावकाश म्हणाली. "ती उंदरासाठी?"

"व्हय."

"आणि दोनदा पोरां गेली म्हणालंस ता?"

"ता खरा. तिनेच खाल्ली. धडधडीक भियाली."

रस्त्यावरून एक टेम्पो खडखडत गेला आणि सासूबाईंनी सवयीने मागे इमारतीकडे पाहिलं. आजीने ते बघितलं. तिने पिशवी पुन्हा उचलली.

"भियालेली आवस काय करतली?" ती म्हणाली. "दाखव माका."

प्राणीगृहाला बाहेरून बघण्यासाठी बोळात एक मोठी काच होती. आम्ही तिच्यासमोर उभे राहिलो. आजी, मी आणि सासूबाई. खरं तर आत जाऊन दिवा धरायचा तो सासूबाईंनी. पण त्यांनी आपले हात पाहिले आणि काचेतून गीतालाच खूण केली. उंदराला कळतं.

गीताने आतला दिवा मालवला. आधी शेजारच्या पिंजऱ्यातल्या म्हाताऱ्यावर निळा झोत धरला. बाहेर दोनच पिवळे चष्मे होते. एक सासूबाईंनी मला दिला, दुसरा त्यांच्या हातात होता. तो त्या लावेनात.

"आजी, तुम्हीच बघा," त्या म्हणाल्या. "नवीन पोराचं तोंड मोठ्या माणसाने आधी बघायचं असतं." आणि त्यांनी आजीच्या चष्म्यावरच तो पिवळा चष्मा चढवला, आणि स्वतः काचेकडे पाठ करून समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आजीच्या पिशवीतलं ते टोपडं त्यांच्या हातात आलं होतं, ते त्या पिळत होत्या.

आजी काचेला नाक लावून बघायला लागली. "हो कोण? ह्येचे कान पेटलेत काय गो?"

"तो बापूस," सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या.

गीताने हातमोजे भुशात घोळले, आईला अलगद बाजूला केलं आणि घरटं उघडलं. दिवा सरकला. माझा चष्मा श्वासाने धुरकटला होता, तो मी सदऱ्याला पुसत होतो, त्यामुळे मला काही दिसलं नाही. सासूबाईंची पाठ काचेकडेच होती. बोळात एवढी शांतता, की आतल्या एसीची घरघर ऐकू येत होती. आणि त्या शांततेत, जिथे आवाज चढवायला मनाई होती तिथे, आजी खणखणीत आवाजात म्हणाली,

"अगो, तीन पोरां बापाशीवर गेली."